मानलेल्या बापाच्या घरातली बाळंतीण

२६ ऑगस्ट

दादा,

फोन तू कापतोस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच, म्हणून लिहायला बसले आहे. तुझा तिकडे दूर पश्चिमेच्या आक्सू शहरातला पत्ता चुलतवहिनीकडून काढला. तिने तो फुकट दिला नाही, आधी मधाची बाटली पदरात पाडून घेतली.

बातमी आधी सांगते. शूमेईचं लग्न ठरलं. ऑक्टोबरच्या सुट्टीत, तीन तारखेला. मुलगा ल्युओंच्या घरचा आहे, तालुक्याला बस चालवतो. घाटात कधी हॉर्न वाजवत नाही म्हणून प्रवासी त्याला शिव्या देतात, आणि होणाऱ्या सासऱ्याला, आमच्या पेंगला, तो नेमका त्याचमुळे आवडला. पोरगी म्हणते, "आई, मी पसंत केलाय. तुम्ही फक्त जेवायला या."

आता दुसरी गोष्ट. तीन वर्षांची असताना तिला तो खोकला झाला होता, डॉक्टरने हात टेकले होते, तेव्हा तू तिला पाठीवरच्या टोपलीत घालून डोंगरावर नेलंस. वरच्या सपाटीवरच्या त्या थोरल्या फरच्या झाडाला लाल कापड बांधलंस आणि तिच्याकडून त्याला बाबा म्हणवून घेतलंस. बोलायचा श्वास नव्हता तिला, तरी म्हणाली. मग तू मामा म्हणून सगळ्यांच्या देखत नवस बोललास, की ही पोर जगली तर सासरी जायच्या आधी तिला पाया पडायला आणीन, कोंबडा आणीन, आणि फटाक्यांची अशी माळ लावीन की पलीकडच्या खोऱ्यातले लोक दचकतील. पोर जगली. पुढच्याच वसंतात लाकूड तोडणाऱ्या तुझ्या टोळीने तो अख्खा उतार बोडका केला. ते एक झाड मात्र तू ठेवलंस. दादा, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तेव्हा वाटलं, भाऊच तर आहे, आभार कसले मानायचे. आज मानते.

आणि आज मानायला कारणही आहे. त्या झाडाच्या पोकळीत पांढरी अस्वलीण व्याली आहे. सरकारी भाषेत पांडा म्हण. शूमेई जंगल राखणाऱ्या चौकीवर कामाला असते, झाडांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं बघणं हेच तिचं काम. त्या दिवशी ती धावत घरी आली, चपला दारात, एक इकडे एक तिकडे. "आई! माझ्या बापाच्या घरात बाळंतीण आलीये!"

मी म्हटलं, "मग आपली माळ?"

"माळ? बाळंतिणीच्या दारात फटाके लावशील तू?"

पेंग म्हणाला, "लावून तर बघ." एवढंच बोलला. घाबरली तर ती पिल्लू टाकून निघून जाते म्हणतात, आणि टाकलेलं पिल्लू जगत नाही.

माळ मी विकत आणून ठेवली आहे, धान्याच्या कोठीत. दादा, मी वेडी नाही. पण त्या खोकल्याच्या दिवसांत पोरीच्या छातीवर कान ठेवून मी बसले आहे. नवस न फेडता तिला सासरी धाडायची मला भीती वाटते, सरळ सांगते. नवस बोललास तू. मी काय करू, तेही तूच सांग.

आणि मामा म्हणून तुला यायचंच आहे. वर आभाळात वीज, खाली जमिनीवर मामा, असं आपली आई म्हणायची. मामा बसल्याशिवाय पंगतीत कुणी जेवायच्या काड्या उचलत नाही, हे तुला मी शिकवायला नको.

शिउरोंग


९ सप्टेंबर

दादा,

अक्रोड पोचले. चिठ्ठी नाही. मी दोन-चार फोडून पाहिले, आतही उत्तर नव्हतं. पण खोक्यावर अक्षर तुझं होतं, तेवढ्यावर मी दोन दिवस खूश होते. तू आता सफरचंदाच्या बागेत फांद्या छाटतोस असं वहिनी म्हणाली. ज्याने अर्धा डोंगर आडवा केला तो आता झाडांची केशकर्तनं करतो, हे ऐकून मी खूप हसले. रागावू नकोस.

पेंगने पहिले दोन दिवस अक्रोडांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या कोटाच्या खिशात टरफलं निघाली.

त्याच्याविषयी लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्याला वगळून तुला काय लिहिणार? करवतीच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला तो, असे तुम्ही दोघं अकरा हिवाळे काढलेत. माझं लग्नही त्यातूनच झालं. मग तोड बंद झाली, तो जंगलाचा राखणदार झाला आणि तू काहीच झाला नाहीस. कस्तुरीमृगासाठी तू तारेचे फास लावलेस. ते त्याला सापडले, आणि गाठ बघून त्याने ओळखलं. ती गाठ आपल्या वडिलांची, तूच त्याला शिकवली होतीस. त्याने चौकीवर जाऊन तुझं नाव सांगितलं. दोन वर्षांनी तू तुरुंगातून सुटलास तेव्हा मी शेंगदाण्यांची पुरचुंडी घेऊन स्टँडवर उभी होते. तू माझ्याकडे न बघता समोरून गाडीत चढलास आणि गाडी निघून गेली. बारा वर्षं झाली. यात कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी करत नाही. एकाच्या घरात राहते आणि दुसऱ्याच्या पाठची आहे.

इकडची हकिगत अशी आहे. पिल्लू आता उंदराएवढं राहिलं नाही, मांजरीच्या पिल्लाएवढं झालंय. अंगावर काळं दिसायला लागलंय. एवढी धिप्पाड बाई ती, पण पोराला असं धरून बसते जणू हातात अंडं आहे. सुरुवातीला ती पोकळीतून हललीच नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. शूमेईने मला चित्रं दाखवली. मी म्हटलं, हिला कुणी खायला घालत नाही का? पोरगी हसली, "आई, तिला सासू नाही."

गावात दोन तट पडलेत. म्हातारे म्हणतात, नवस तो नवस, अस्वल काय, उद्या दुसरीकडे जाईल. फानआजी मात्र काठी आपटून म्हणाली, "बाळंतिणीच्या महिन्यात दाराशी मोठ्याने शिंकूसुद्धा नये, आणि हे बाप्ये तोफा डागायला निघालेत!" आपल्याकडे बाळंतिणीच्या दाराला गवती टोपी अडकवतात ना, कुणी आत येऊ नये म्हणून? तशी एक टोपी आजीने पेंगच्या हातात दिली आणि पायवाट सुरू होते तिथे लावायला सांगितली. सरकारी पाटीला कुणी जुमानत नव्हतं. टोपी लावल्यापासून एकही माणूस वर गेला नाही. मधाच्या पेट्यासुद्धा लोकांनी आपणहून खाली आणल्या.

पण माझा जीव टांगलेलाच आहे. लग्न जवळ आलं. नवस न फेडता तिला धाडू का, तू दोन ओळी लिही. नाहीतर परत अक्रोड पाठव, एक पाठवलास तर हो, दोन पाठवलेस तर नाही.

शिउरोंग


१८ सप्टेंबर

दादा,

माझ्या हातून एक प्रकार घडला आहे. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक, कारण सगळ्या खोऱ्याने तो लाउडस्पीकरवर ऐकलेला आहे.

पौर्णिमेच्या सणाला वाटलं, फटाके नाहीत तर नाहीत, पण झाडाला तोंड तरी दाखवून यावं. लेकीचं लग्न ठरलं हे बापाच्या कानावर घालायला नको? रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून चुलीवर धुरावलेला डुकराचा एक पाय काढला, उत्तम, चरबीदार, नव्या वर्षासाठी राखून ठेवलेला. फानआजीची टोपी मी स्वतः ओलांडली. कॅमेरा पुढच्या बाजूला आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मागून गेले. झाडापासून बऱ्याच अंतरावर थांबले, पाय खडकावर ठेवला, वाकून नमस्कार केला, "बाबा, पोरीला सांभाळा," असं पुटपुटले आणि गुपचूप उतरले. माझ्या मते मी फार शहाणपणा केला होता.

कॅमेरा मागेही होता.

संध्याकाळी शूमेई आणि पेंग चौकीवर बसून बघत होते. आधी दिसली निळ्या एप्रनमधली एक बाई, जिचं ढुंगण सबंध चित्रभर. पोरीने ओळखलं. नवऱ्यानेही ओळखलं असावं. मग अस्वलीण बांबू खायला बाहेर पडली. आता ती थोडा थोडा वेळ जाते. पिल्लू आत एकटं. आणि मांसाच्या वासावर आलं ते पिवळ्या गळ्याचं जनावर, मांजराएवढंच, पण एक नंबरचं चोरटं. असलं पिल्लू ते उचलून नेतं. आधी ते माझ्या पायापाशी आलं, चाटलं, ओढून पाहिलं. मग मान वर करून पोकळीकडे बघायला लागलं.

पेंग उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. वर पोचायला अर्धा दिवस लागतो. शूमेई नंतर मला म्हणाली, "आई, मला तुझ्यावर ओरडायचं होतं, तू नव्हतीस म्हणून पडद्यावर ओरडले."

ते जनावर खोडावर चढायला लागलं आणि झुडपं हलली. आली ती. एवढं जड अंग घेऊन एवढ्या चपळाईने येताना मी तरी कुणाला पाहिलं नाही. जनावर पळालं. ती आधी आत गेली, पिल्लू हुंगलं, बराच वेळ आतच राहिली. मग बाहेर येऊन खडकापाशी बसली, माझा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि हाडासकट फस्त केला. कडाकडा आवाज आला म्हणे. बांबू खाणारी बाई, पण दूध यायला डुकराचा पाय लागतो हे तिलाही कळतं! आपल्याकडे बाळंतिणीला दुसरं काय देतात?

हे ऐकून मी हसले, मग मला रडू कोसळलं. माझ्यामुळे ते पोर गेलं असतं, दादा. माझं वाचावं म्हणून झाडापाशी गेले होते आणि तिचं घालवून बसले असते.

आता खरी गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंगने माझ्या हातची पेज प्यायली, टोपी चढवली, चौकीवर गेला आणि माझं नाव दिलं. स्वतःच्या बायकोचं! मुकादम बिचारा म्हणत होता, "जाऊ द्या हो, वहिनी आहेत, समज देऊ." हा म्हणाला, "मागे तिच्या भावाचं दिलं होतं. हिचं नाही दिलं तर त्याला काय तोंड दाखवू?"

शिक्षा काय झाली माहिती आहे? आठवडाभर रोज संध्याकाळी गावाच्या लाउडस्पीकरवर जंगलाचे नियम वाचायचे. "जंगलात खाद्यपदार्थ ठेवू नयेत, विशेषतः मांस." विशेषतः मांस म्हटलं की अंगणाअंगणातून हशा. फानआजी रस्त्यात अडवून विचारते, "शिउरोंग, मला कधी आणतेस पाय?" नियम वाचून वाचून माझे पाठ झालेत.

घरी येऊन त्याला म्हटलं, "दादाच्या वेळीही तू असाच पेज पिऊन गेला होतास का?"

तो म्हणाला, "नाही. त्या दिवशी घशाखाली उतरली नव्हती."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्यावर बोलला. जसं बोलला तसं लिहिलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही. हे पत्र जलद टपालाने धाडते. माळ अजून कोठीतच आहे.

शिउरोंग


५ ऑक्टोबर

दादा,

लग्न पार पडलं. आता घरात फक्त खरकटी भांडी आणि मी.

परवा दुपारी फोन वाजला, मी मंडपात आपल्याकडच्या लग्नाच्या नऊ वाडग्यांच्या पंगतीची मांडणी करत होते. पेंगने उचलला आणि पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं आचारी आजारी पडला. मग म्हणाला, "हो दादा. हो, मीच दिलं नाव. बायकोचंच." आणि पलीकडून तुझं हसणं मला मंडपापर्यंत ऐकू आलं. तेच हसणं, खोकल्यासारखं. हातातला वाडगा मी खाली ठेवला.

तू मला फोनवर बोलावलं नाहीस याचा राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे. पण तू जे सांगितलंस ते त्याने मला शब्दन्‌शब्द सांगितलं. "नवस बोललं माझं तोंड. पोरगी तेव्हा टोपलीत होती, तिचा काय संबंध? झाड रागावलं तर त्याला आक्सूचा पत्ता द्या. भाडेकरीण घर सोडेल तेव्हा माळ मी येऊन लावीन. तोवर पोरीला बिनघोर सासरी धाडा."

दादा, माझ्या छातीवरून एक धोंडा उतरला. शूमेईला सांगितलं तर तिने डोंगराकडे तोंड करून तिथूनच वाकून नमस्कार केला, लाल पोशाखात. मग नाक पुसून म्हणाली, "मामाला म्हणावं, आता सुटका नाही." जावयाची बस लाल फुगे लावून उभी होती. त्याही दिवशी त्याने हॉर्न वाजवला नाही.

मामाची जागा आम्ही रिकामी ठेवली. पेंगने तुझ्या पेल्यात दारू ओतली, "दादा, बसा," असं म्हणाला, तेव्हा लोकांनी काड्या उचलल्या. कुणी हसलं नाही.

आता तुझ्या दुसऱ्या बोलण्याविषयी. मी आभार मानते म्हणून कळवलं, तर त्यावर तू पेंगला म्हणालास, "तिला सांग, उगाच मला देव करू नको. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून बघितलं, झाड आतून पोकळ वाजलं. पोकळ झाडावर करवत कोण झिजवणार? म्हणून सोडलं."

हे मी ऐकलं आणि थोडी हिरमुसले. म्हटलं, असो, कशामुळे का होईना, उभं राहिलं ना? भांडी घासताना पेंगला म्हणाले, "बघ, मी इतकी वर्षं समजत होते की शूमेईसाठी सोडलं."

तो ताटं पुसत होता. म्हणाला, "तो खोटं बोलतोय."

"तुला काय माहीत?"

"करवतीच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. पोकळ झाडं आम्ही आधी पाडायचो. लवकर पडतात, आणि संध्याकाळी मोजताना बुंधा तो बुंधाच. त्या झाडापाशी मी करवत टेकवली होती. त्याने आपलं टोक सोडून दिलं आणि खाली बसून विडी पेटवली. म्हणाला, एकट्याने कापता येत असेल तर काप. तेव्हाच्या मुकादमाने आमची जोडी मोडली, त्याला पुढचा हिवाळाभर ओंडके वाहायला लावलं. खांदा तेव्हाच गेला त्याचा."

मी विचारलं, "हे मला आजवर का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. आणि नंतर, त्याचं नाव दिल्यावर, त्याच्याविषयी चांगलं बोलायचा मला हक्क आहे असं वाटेना."

मी तशीच भिजल्या हातांनी बसून राहिले. दादा, तुझा वाकडा खांदा मी तुझ्या दारूच्या खात्यावर टाकला होता. तू माझ्या पोरीचा बाप राखलास. आज त्याच्या पोटात कुणाचं तरी पोर उबेत झोपलं आहे, तेही तुझंच देणं. तू म्हणशील पोकळ होतं. म्हण खुशाल. माझे आभार मी परत घेणार नाही.

शिउरोंग


१९ डिसेंबर

दादा,

भाडेकरणीने घर सोडलं. चार दिवस झाले, पोकळी रिकामी आहे. शूमेई माहेरी आली होती, तिने चित्र दाखवलं. आई पुढे चालली होती, पिल्लू मागे बर्फात बसकण मारून बसलं होतं, तिने मागे येऊन मानेला धरून उचललं. वरच्या बांबूत शिरली दोघं. पेंग म्हणतो, ती इथेच आहे, कडा ओलांडून गेलेली नाही. पुन्हा व्यायची वेळ आली तर याच झाडाशी येईल, यायला दुसरं झाड आहेच कुठे?

माळेचं काय ते तू आणि पेंग बघून घ्या. तो म्हणतो, पोकळी रिकामी असली तरी वर आवाज नको, माळ गावाच्या चौकात लागेल. तू म्हणालास झाडाच्या पायथ्याशी. फोनवर तुमचं तासभर भांडण झालं म्हणे त्यावर. तो आतून मोठमोठ्याने बोलत होता आणि मी बाहेर मुळे चिरता चिरता ऐकत होते. तुम्ही दोघं भांडताय हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी मुळे जरुरीपेक्षा जास्तच चिरले. पण तू हरणार आहेस, दादा. नियम मला पाठ आहेत.

तुझं तिकीट एकतीस तारखेचं आहे ना? जाड पायमोजे घेऊन ये. खोली झाडून ठेवली आहे, गादी उन्हात घातली आहे. तिरफळं आणि शेंगदाणे भाजून डब्यात भरलेत, स्टँडवर मी येणार नाही. मागच्या वेळी मी आले होते, काय झालं ते बघितलं. या वेळी पेंग येईल.

बस आता पुलापर्यंतच येते, पुढचा रस्ता दरडीने खचला आहे, गाडी जात नाही. तो मोटारसायकल घेऊन उभा असेल. तुझी पिशवी पुढे टाकीवर बांधील, तू मागे बसायचं. धरायला दांडी नाही, ती मोडून दोन वर्षं झाली, त्याला कितीदा सांगितलं तरी बसवत नाही. वळणांवर बर्फ साचलेलं आहे. तुला आवडो न आवडो, त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बस, आणि घर येईपर्यंत सोडू नकोस.

शिउरोंग